आपले प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे : डोळ्याची काच

या वेळी आलेली बहुतेक पत्रे डोळ्याच्या एकाच भागाविषयी आहेत, मात्र जवळजवळ प्रत्येकाने त्याला वेगळे नाव दिले आहे. कोणी बुबुळ म्हटले आहे, कोणी काच, तर कोणी पडदा. पुस्तकी मराठीत त्याला पारपटल किंवा स्वच्छमंडल म्हणतात आणि दवाखान्यात सगळे कॉर्निया म्हणतात. मीही तोच शब्द वापरणार आहे, कारण बुबुळ हा शब्द येथे फसवा ठरतो. आपल्याला दिसणारा काळा किंवा तपकिरी रंग कॉर्नियाच्या मागे असलेल्या पडद्याचा असतो. कॉर्निया निरोगी असेपर्यंत स्वतः दिसतच नाही. मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा भाग डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाला वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम करतो. त्यात रक्तवाहिनी एकही नसते, आणि मज्जातंतू मात्र शरीरात क्वचितच कोठे असतील इतके दाट असतात. रक्तवाहिन्या नाहीत म्हणून तो पारदर्शक राहतो, आणि मज्जातंतू दाट आहेत म्हणून धुळीचा एखादा कणही माणसाला बेजार करतो. खाली आलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच या दोन गोष्टींशी जोडलेल्या आहेत.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. दोन वर्षांत त्याच्या चष्म्याचा नंबर चार वेळा बदलला, त्यातही सिलिंडर नंबर वाढतच आहे. नवा चष्मा लावूनही त्याला रात्री दिवे फाकलेले दिसतात. आता तपासणीत केरॅटोकोनस असे निदान झाले आहे. लेसर करून नंबर काढून टाकावा, असे त्याचे म्हणणे आहे.

उत्तर : लेसरचा विचार त्याने मनातून पूर्णपणे काढून टाकावा. केरॅटोकोनसमध्ये कॉर्निया मध्यभागाच्या किंचित खाली पातळ होत जातो आणि डोळ्यातील दाबामुळे तेथे शंकूसारखा पुढे येतो. चष्म्याचा नंबर घालवणारे लेसर कॉर्निया तासूनच आपले काम साधते, म्हणजे आधीच खचत चाललेली भिंत आणखी तासण्यासारखे ते होईल. याच कारणाने लेसरसाठी येणाऱ्या प्रत्येकाची टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या उंचसखलपणाचा नकाशा काढणारी तपासणी, आधी करतात, आणि आपल्याला हा आजार असल्याचे कित्येक तरुणांना तेव्हाच प्रथम कळते.

हा आजार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो आणि तिशी-चाळिशीकडे त्याचा वेग आपोआप मंदावतो. त्यामुळे आपल्या मुलाच्या बाबतीत पुढची काही वर्षे सर्वांत महत्त्वाची आहेत. आजार थांबवणे आणि दृष्टी सुधारणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि पत्रे वाचताना मला सारखे जाणवते की या दोहोंची गल्लत होते. आजार थांबवण्यासाठी क्रॉसलिंकिंग नावाचा उपचार आहे. त्यात कॉर्नियावर रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकतात आणि त्यावर ठरावीक काळ अतिनील किरण सोडतात. त्यामुळे कॉर्नियातील कोलॅजेनच्या तंतूंमध्ये नवे सांधे तयार होऊन तो घट्ट होतो. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील डॉक्टरांनी रुग्णांवर केलेल्या या उपचाराचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले, आणि आज तो जगभर रुळला आहे. मात्र त्याचा हेतू आजार आहे तेथे रोखण्याचा असतो. उपचारानंतर आकारात थोडी सुधारणा कधी कधी दिसते, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. टोपोग्राफी काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा करून आजार वाढतो आहे असे दिसल्यास हा उपचार लवकर करून घ्यावा. वय जितके कमी, तितका वाट पाहण्यात धोका अधिक असतो.

दृष्टीसाठी चष्मा अपुरा पडू लागला की कडक कॉन्टॅक्ट लेन्स किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स देतात. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधली पोकळी अश्रूंनी किंवा द्रवाने भरते आणि खडबडीत पृष्ठभागावर गुळगुळीत काच ठेवल्यासारखा परिणाम होतो. प्रत्यारोपणापर्यंत जाण्याची वेळ थोड्याच रुग्णांवर येते.

पत्रात नसलेली एक गोष्ट विचारतो : तो डोळे चोळतो का? या रुग्णांपैकी अनेकांना डोळ्यांची अ‍ॅलर्जी असते, खाज सुटते, आणि बोटांच्या पेरांनी डोळे दाबून चोळण्याची सवय वर्षानुवर्षे चालू असते. ही सवय आजार वाढवते, म्हणून खाजेचा इलाज करणे हाही उपचाराचाच भाग आहे. नुसते ‘चोळू नकोस’ म्हणून काही होत नाही. खाज शमवणारे थेंब आणि थंड पाण्याच्या पट्ट्या यांचा उपयोग होतो. घरातील धाकट्या भावंडांचीही एकदा टोपोग्राफी करून घ्यावी. आणि एखाद्या दिवशी डोळा अचानक पांढुरका होऊन दिसेनासे झाले व दुखू लागले, तर कॉर्नियाच्या आतला स्तर फाटून पाणी शिरले असण्याची शक्यता असते. तेव्हा नंबर बदलला असेल असे समजून थांबू नये.

प्रश्न : झाडांची छाटणी करताना पानाची धार डोळ्याला लागली. घरी पूर्वी दुसऱ्या एका तक्रारीसाठी आणलेले थेंब होते, ते टाकले. दोन दिवस खूप बरे वाटले. नंतर डोळा पुन्हा लाल झाला आणि आता काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसतो. बरे वाटत असताना असे का झाले?

उत्तर : बरे वाटले, तेथेच घात झाला असावा. आपण थेंबांचे नाव कळवलेले नाही, परंतु घरात उरलेल्या बाटल्यांमध्ये स्टेरॉइडचे थेंब असण्याची शक्यता बरीच असते. स्टेरॉइड दाह शमवते, त्यामुळे लाली आणि वेदना कमी होतात. मात्र पानाच्या, काडीच्या किंवा कुसळाच्या जखमेतून पुष्कळदा बुरशी आत शिरते, आणि शरीराचा प्रतिकार स्टेरॉइडने दाबल्यावर तिला मोकळे रान मिळते. रुग्णाला आराम वाटत असतो तेव्हा आत व्रण खोल जात असतो. नागीण किंवा ओठांवर येणारे पुरळ ज्या कुळातील विषाणूंमुळे होतात, त्यांच्यामुळे कॉर्नियावर होणाऱ्या व्रणातही असेच घडते.

पांढरा ठिपका दिसल्यावर आता एक दिवसही घालवू नये आणि जाताना ती बाटली बरोबर न्यावी. तेथे व्रणाची खरवड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील आणि त्यात कोणते जंतू वाढतात हे पाहण्यासाठी ती रुजवणासाठी ठेवतील. रोग जिवाणूचा, बुरशीचा की विषाणूचा हे नुसत्या लालीवरून सांगता येत नाही, आणि तिघांची औषधे निराळी आहेत. बुरशी निघाली तर नॅटामायसिनसारखे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, टाकावे लागतात आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसल्यामुळे पोटात घेतलेले औषध तेथपर्यंत पुरेसे पोहोचवणे कठीण असते. म्हणून सगळी भिस्त थेंबांवर असते आणि ते चुकवून चालत नाही.

व्रण भरल्यावर बहुधा डाग राहतो. यालाच बोलीत डोळ्यात फूल पडणे म्हणतात. तो डाग कडेला राहिला तर दृष्टीला फारशी बाधा येत नाही, बाहुलीच्या समोर आला तर मात्र येते. त्यामुळे व्रण लहान असताना थांबवणे हाच खरा बचाव आहे. फूल औषधाने विरघळवून देण्याचा दावा करणाऱ्यांच्या नादी लागू नये. ताजा डाग पहिल्या काही महिन्यांत थोडा फिका पडतो, तो आपोआप पडतो, आणि श्रेय भलताच घेतो.

प्रश्न : मी रोज कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. कधी कधी लेन्ससह झोप लागते. मैत्रीण म्हणते की त्या नळाच्या पाण्याने धुतल्या तरी चालतात, कारण ते पाणी आपण पितोच.

उत्तर : पिण्याचे पाणी पोटासाठी शुद्ध असते, लेन्ससाठी नव्हे. नळाच्या, विहिरीच्या व तरणतलावाच्या पाण्यात अ‍ॅकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. पोटात गेल्यास त्याच्यापासून काही बिघडत नाही. लेन्सला चिकटून कॉर्नियावर बसला तर मात्र तो आत शिरतो, प्रतिकूल काळात स्वतःभोवती कठीण कवच करून घेतो, आणि मग त्याला हुसकावण्यास कित्येक महिने लागतात. सुरुवातीला डोळ्यात फारसे काही दिसत नाही, पण वेदना असह्य असते. दिसण्यात आणि दुखण्यात असा मेळ नसला की आम्ही लेन्सबद्दल हमखास विचारतो. म्हणून लेन्स किंवा तिची डबी पाण्याने धुऊ नये, लेन्स घालून पोहू नये व अंघोळ करू नये. डबीतील जुन्या द्रावणात नवे द्रावण भरून वेळ मारून नेण्याची सवयही तितकीच वाईट आहे. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी.

झोपेविषयी सांगायचे तर, कॉर्नियाला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरामार्फत मिळतो. पापणी मिटलेली आणि वर लेन्स, अशा स्थितीत तो गुदमरतो, सुजतो आणि त्याचे बाहेरचे आवरण कमकुवत होते. मग जिवाणूंना वाट मिळते. त्यातील स्यूडोमोनास नावाचा जिवाणू एकदोन दिवसांत कॉर्नियाची वाताहत करू शकतो. लेन्स वापरणाऱ्या व्यक्तीचा डोळा लाल झाला व दुखू लागला तर लेन्स लगेच काढावी, पण फेकून देऊ नये. ती डबीसह डॉक्टरांकडे न्यावी, कारण जंतूचा माग कधी कधी तिच्यातच लागतो.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी माझ्या बाळाचे नख माझ्या डोळ्याला लागले होते. जखम दोन दिवसांत भरली. आता मात्र मधूनच पहाटे डोळा उघडताना सुरी फिरवल्यासारखी कळ येते आणि दुपारपर्यंत सारे ठीक होते. तपासणीत काही सापडत नाही.

उत्तर : आपण वर्णन इतके नेमके केले आहे की निदान बहुतांशी त्यातच आहे. कॉर्नियाचे सर्वांत बाहेरचे आवरण लवकर भरते, परंतु खालच्या थराला त्याची घट्ट पकड बसण्यास काही महिने लागतात. झोपेत डोळा कोरडा होतो, पापणी त्या सैल जागेला चिकटते, आणि डोळा उघडताच आवरण तेथून पुन्हा सोलले जाते. दुपारी तपासणीला जाईपर्यंत ते जागेवर बसलेले असते, म्हणून काही सापडत नाही. शक्य असल्यास कळ आल्याबरोबर सकाळीच तपासून घ्यावे.

उपाय साधा, पण चिकाटीचा आहे. रोज झोपताना डोळ्यात वंगणासारखे मलम घालावे आणि तक्रार थांबल्यावरही ते काही महिने चालू ठेवावे. बहुतेकजण नेमके याच टप्प्यावर ते सोडतात आणि महिन्याभराने पुन्हा पत्र लिहितात. जाग आल्यावर डोळा झटकन न उघडता आधी मिटल्या पापणीआड बुबुळे हळूच फिरवावीत. एवढ्याने भागले नाही तर काही दिवस बँडेज लेन्स बसवता येते, आणि हट्टी जागेसाठी लेसरचा उपचारही आहे. दुखणे थांबवण्यासाठी बधिर करणारे थेंब मात्र मागू नयेत. तपासणीत एकदा वापरले तर ते निरुपद्रवी असतात, पण वरचेवर टाकल्यास जखम भरू देत नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या बुबुळाभोवती राखाडी-पांढरे कडे दिसते. मोतीबिंदू आहे का?

उत्तर : नाही. उतारवयात कॉर्नियाच्या कडेला स्निग्ध पदार्थ साचून असे कडे तयार होते. त्याने दृष्टी कमी होत नाही आणि त्यावर उपचारही लागत नाही. हेच कडे चाळिशीच्या आतील व्यक्तीत दिसले तर रक्तातील कोलेस्टेरॉल तपासावे, आणि एकाच डोळ्यात दिसले तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : आई ६४ वर्षांची आहे. सकाळी उठल्यावर तिला धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, दुपारी स्वच्छ दिसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुचवली आहे, पण त्याआधी कॉर्नियाच्या पेशी मोजायला सांगितल्या आहेत. हे कशासाठी?

उत्तर : ज्यांनी ही मोजणी सुचवली, त्यांनी योग्य केले. कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो आणि तो कॉर्नियात झिरपणारे पाणी अखंडपणे बाहेर उपसत असतो. कॉर्नियाची पारदर्शकता या उपशावर टिकून असते. प्रौढ माणसात या पेशी दर चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच हजार असतात. माणसात त्या मेल्यावर त्यांच्या जागी नव्या तयार होत नाहीत. शेजारच्या पेशी पसरून रिकामी जागा भरतात. फुक्स यांचा विकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात त्या वेगाने कमी होतात. व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ एर्न्स्ट फुक्स यांनी १९१० साली त्याचे वर्णन केले. तो बहुधा पन्नाशीनंतर आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसतो.

सकाळच्या धुक्याचे कारण असे की, रात्री पापणी मिटलेली असताना कॉर्नियावरून पाणी उडून जात नाही आणि अशक्त झालेल्या पेशींना तेवढा उपसा झेपत नाही. दिवसा डोळा उघडा राहिल्यावर हवेने तो भार हलका होतो. मोतीबिंदूने येणारे धूसरपण असे घड्याळ पाहून येत-जात नाही, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत यातील काही पेशी दगावतातच. मुळात भरपूर असतील तर त्याचे काही वाटत नाही, मोजक्याच उरल्या असतील तर मात्र शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया सुजलेलाच राहण्याचा धोका असतो. म्हणून आधी मोजणी करतात.

तूर्त संहत मिठाचे थेंब पाणी ओढून घेण्यास मदत करतात. पुढे आजार वाढलाच तर आता संपूर्ण कॉर्निया बदलण्याची गरज बहुधा पडत नाही. दात्याच्या कॉर्नियातील केवळ हा आतला नाजूक थर लहानशा छेदातून आत नेऊन हवेच्या बुडबुड्याने जागेवर टेकवून ठेवतात, आणि तो चिकटेपर्यंत रुग्णाला उताणे झोपवून ठेवतात. ही शस्त्रक्रिया मोतीबिंदूबरोबरही करता येते.

प्रश्न : रंगकामाच्या वेळी चुना डोळ्यात उडाला तर आधी दवाखाना गाठावा की काही टाकावे?

उत्तर : आधी पाणी. जवळ असेल त्या स्वच्छ पाण्याची धार डोळ्यावर सोडावी, पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात आणि निदान अर्धा तास धुवावे; दवाखाना त्यानंतर. चुना, सिमेंट व संडास साफ करण्याची क्षारयुक्त रसायने ही बहुतेक आम्लांपेक्षा घातक असतात, कारण आम्लाने प्रथिने गोठून पुढच्या भागाला काहीसा आडोसा होतो, तर क्षार पेशींच्या आवरणातील स्निग्धांश विरघळवत आत आतच शिरतात. पापणीखाली चुन्याचे कण अडकलेले असल्यास ते डॉक्टरांनी काढेपर्यंत भाजणे चालूच राहते. क्षारावर उतारा म्हणून आम्ल टाकण्याचा प्रयोग कधीही करू नये.

कॉर्निया प्रत्यारोपणाचा इतिहास चुन्यापासूनच सुरू होतो. नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड झिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील (आजच्या चेक प्रजासत्ताकातील) ओलोमोउत्स येथे ज्या मजुरावर पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजलेले होते. एका मुलाचा डोळा दुखापतीमुळे काढावा लागला होता. त्याचा कॉर्निया वापरण्यात आला आणि मजुराच्या एका डोळ्यातील कलम टिकले.

प्रश्न : मला मधुमेह आहे, चष्मा आहे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही झाली आहे. माझे नेत्रदान कोणाच्या उपयोगी पडेल का?

उत्तर : पडेल. या तिन्ही गोष्टींमुळे नेत्रदान नाकारले जात नाही, कारण रुग्णाला बसवतात तो केवळ कॉर्निया. संपूर्ण डोळा बदलता येत नाही. ज्यांचा डोळ्याच्या पाठीमागचा पडदा (रेटिना) किंवा दृष्टीची नस निकामी आहे त्यांना याचा उपयोग होत नसतो, हेही त्याच कारणाने. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग अशा काही आजारांत मात्र नेत्र स्वीकारत नाहीत. अर्ज भरण्यापेक्षा घरच्यांना सांगून ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्र काढावे लागतात आणि नेत्रपेढीला कळवण्याचे काम त्यांनाच करायचे असते. तोपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी माझ्या कॉर्नियाचे प्रत्यारोपण झाले. दोन दिवसांपासून डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही आणि थोडे अंधुक वाटते. तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, तोवर थांबावे का?

उत्तर : हे पत्र मिळाले त्याच दिवशी आम्ही या वाचकांना दूरध्वनी करून तातडीने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. उत्तर येथे छापत आहोत ते इतर वाचकांसाठी. लाली, उजेडाचा त्रास, अंधुकपणा आणि वेदना यांपैकी एकही लक्षण दिसले तरी शरीर कलम नाकारू लागले असावे असे धरून त्याच दिवशी तपासून घ्यावे. हा धोका पहिल्या एकदोन वर्षांत अधिक असतो, पण कित्येक वर्षांनंतरही तो पूर्णपणे टळत नाही. वेळेत गाठले तर कलम बहुतेकदा वाचवता येते, आणि ते वाचवणारे औषध म्हणजे दर तासाला टाकायचे स्टेरॉइडचे थेंब. वर ज्या औषधाने एका वाचकाचा व्रण चिघळला असावा असे मी लिहिले, तेच हे औषध. लाल डोळा दोघांचाही सारखाच दिसतो. कोणाला ते द्यायचे आणि कोणापासून दूर ठेवायचे, हे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिल्याशिवाय मलाही सांगता येत नाही.